चौकटीत मावेल एवढं

डॉक्टर गिरीधर चिंचमलातपुरे यांच्या मनगटावरच्या घड्याळात त्या सकाळी आठ शब्द उमटले. 'डावी पोटरी दुखते. गोळी चालू. बाकी ठीक, बेटा.' त्यांनी ते वाचले, 'गोळी सुरू ठेवा' या बटणावर अंगठा टेकवला आणि पुढच्या रुग्णाकडे वळले. या सगळ्याला चार सेकंद लागले. सेकंदांची नोंद 'सुबक' कंपनीकडे होती. 'सुबक'कडे सगळ्यांच्या सगळ्या सेकंदांची नोंद असते.

पुष्पलता देवतळे यांनी अमरावतीहून पाठवलेला मूळ मजकूर दोनशे बारा शब्दांचा होता. तिसऱ्या दिवशी त्या गेल्या. पोटरीच्या शिरेत धरलेली रक्ताची गुठळी सुटली आणि फुप्फुसात जाऊन अडकली. महिन्याभरापूर्वी गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या पंचाहत्तरीच्या बाईला असं होऊ शकतं, हे वैद्यकीच्या कुठल्याही विद्यार्थ्याला ठाऊक असतं. फक्त काय होतंय ते त्याला कुणीतरी सांगावं लागतं.

हेमांगीने आईचा मूळ मजकूर वाचला तो तेरवी उरकून नागपूरला परतल्यावर, ऑफिसात बसून. ती 'सुबक'च्या लिपी विभागाची प्रमुख असल्यामुळे तिला तो वाचता आला. एरवी मूळ मजकूर कुणी मागत नाही.

'चि. डॉक्टर गिरीधर यांस अनेक आशीर्वाद,' आईने लिहिलं होतं. 'तुमच्या हातगुणाने गुडघा छान बसला. डावी पोटरी जरा दुखते, गोळी चालू आहे. काल गच्चीवर मुगवड्या उलटायला गेले तर चौदा पायऱ्यांत दोनदा टेकावं लागलं, हवाच पुरेना. शेजारची सुमन हसून म्हणाली, मावशी आता म्हाताऱ्या झाल्या. मुगवड्या मात्र यंदा पांढऱ्याशुभ्र निघाल्या, तुमच्यासाठी डबा भरून ठेवला आहे...' आणि असं बरंच पुढे. शेवटी, 'बाकी ठीक. घाई नाही. सवडीने बघा, बेटा.'

हवा पुरेना हे पायऱ्यांच्या गोष्टीत होतं, पायऱ्या मुगवड्यांच्या गोष्टीत होत्या, आणि गोष्टी गाळायच्या असतात.

हेमांगी रडली नाही. ती उठली, पाणी प्यायली आणि स्वतःच्या विभागाची कपाटासारखी नीटनेटकी खोली जरा वेळ न्याहाळत राहिली. भिंतीवर कंपनीचं वाक्य होतं: 'मावणार नाही असं काहीच नाही.' ते तिनेच, सहा वर्षांपूर्वी, भिंतीच्या मापात बसवलं होतं.

*

'सुबक'ची युक्ती समजायला अवघड नाही. मोबाइलच्या पडद्यावरची चौकट ठरलेली असते, मजकूर ठरलेला नसतो. जुनी ॲप्स मजकूर मावेनासा झाला की त्याचं शेपूट कापत आणि तिथे तीन टिंबं ठेवत. मग अक्षरं आकसण्याची पद्धत आली. एक मोठा आकार धरायचा, एक लहान, आणि मधला लावून पाहायचा. मावला तर थोडं वर जायचं, नाही मावला तर थोडं खाली. सात-आठ खेपांत नेमका आकार सापडतो, पापणी लवायच्या आत. इंग्रजीला हे सोसतं. देवनागरीला वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि खाली उकार, जोडाक्षरांचे पाय. त्याच चौकटीत ती इंग्रजीपेक्षा बारीक होते, आणि मग म्हातारी माणसं फोन हातभर लांब धरून डोळे किलकिले करतात. ते किलकिलेपण घालवणं हे हेमांगीचं काम होतं आणि ते ती मन लावून करत असे.

पुढची पायरी डोळ्यापासून सुरू झाली. पडद्यावरचा कॅमेरा समोरचा डोळा किती लांब आहे, बाहुली किती विस्फारली आहे, नजर कुठल्या अक्षरावर अडखळते, हे मोजू लागला. त्या डोळ्याला त्या क्षणी वाचता येईल असा लहानात लहान आकार त्यावरून ठरतो. अक्षर त्याखाली जाणार नाही, ही 'सुबक'ची हमी. म्हणजे चौकट ठरलेली आणि अक्षराचा आकारही ठरलेला. बदलण्याजोगी एकच वस्तू उरली: मजकूर.

म्हणून यंत्र मजकूर छाटू लागलं. कंपनीत 'छाटणी' म्हणायला मनाई होती. कंपनीचा शब्द 'सार' होता. पत्रं, तक्रारी, प्रेम, नोटिसा, डॉक्टरांना कळवलेली दुखणी, सगळ्यांचं सार निघू लागलं आणि लोकांना ते आवडलं. आईच्या जाण्यानंतर हेमांगीच्या फोनवर एकेचाळीस सांत्वनं आली. वाक्यं मिळून चार होती.

*

छाटायचं कसं, हे यंत्राला शिकवलं होतं पुष्पलताबाईंनी.

त्यांची सारी नोकरी अमरावतीच्या तारखात्यात गेली. तारखातं बंद होऊन आता पंचवीस वर्षं झाली होती. पाच वर्षांपूर्वी हेमांगी लोकांच्या मजकुरांचा गठ्ठा घेऊन अमरावतीच्या कॅम्प भागातल्या घरी गेली आणि तिने तो जेवणाच्या टेबलावर ठेवला.

"काहून गं, एवढी शिकली तू, आणि शब्द गाळायला मला विचारते?"

"यंत्राला तुझ्यासारखं गाळता येत नाही, आई."

"नाही येत तेच बरं आहे." पण त्यांनी पेन्सिल घेतली. चष्मा नाकावर सरकवला. "हे पाहा. कोण, कुठं, कधी, हे राहू द्यायचं. कारणं गाळायची. गोष्टी गाळायच्या. माणसं तारेत गोष्टी सांगत बसतात ना बाई, खिडकीवर रांग लागलेली असते. आणि शेवटी एक शब्द जास्तीचा ठेवायचा."

"तो कशाला?"

"माणसानं पाठवलं हे कळायला. बेटा, मामा, वहिनी, काहीतरी. आमचे साहेब ओरडत, एक शब्द वाया घालवता म्हणून. ओरडा म्हटलं."

"बरं. मग?"

"मग वाचून दाखवायचं."

"कुणाला?"

"ज्याची तार त्याला! त्याच्याशिवाय मी फॉर्म आत घेतच नव्हते." पुष्पलताबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "एकदा चांदूरचा एक माणूस आला. लेकाला तार करायची होती. वडील आजारी, लगेच निघ, येताना मोसंबी आण. मी मोसंबी खोडली आणि वाचून दाखवलं. तर म्हणतो, बाई, मोसंबी ठेवा. मोसंबी वाचली तर त्याला समजेल की बाप अजून खातो आहे, नाहीतर पोरगं रस्त्यातच रडत येईल." त्या हसल्या. "आता हे मला कसं कळावं? त्यालाच कळणार."

दोन हिवाळे त्या पेन्सिल घेऊन बसल्या. चार हजारांवर मजकूर त्यांनी छाटले, आणि प्रत्येक वेळी हेमांगीला समोर बसवून मोठ्याने वाचून दाखवले, जणू हेमांगीच त्या सगळ्या माणसांच्या वतीने खिडकीपाशी उभी होती. यंत्राने त्यांचा हात उचलला. राज्यभरच्या फोनांवर कोरड्या सारांच्या शेवटी 'ताई', 'काका', 'बेटा' उरू लागलं. समीक्षकांनी त्याला यंत्राची माणुसकी म्हटलं. एका आईची सवय होती ती, पण तसं लिहायला चौकटीत जागा नसावी.

वाचून दाखवणंही सुरुवातीला होतं. वाचणाऱ्याच्या डोळ्याच्या आधीच्या नोंदीवरून सार काढून पाठवण्याआधी फोन विचारत असे: 'असं पाठवू?' याला सरासरी नऊ सेकंद लागत. शंभरातले अकरा जण मजकूर पुन्हा लिहायला बसत. कंपनीचा उत्पादनप्रमुख अद्वय मोहरील याने बैठकीत हात पसरले होते. "ताई, युजरला आरसा दाखवला की युजर चिडतो. आरसा काढून टाकू."

हेमांगीने मान हलवली होती. त्या मान हलवण्याचीही नोंद होती. इतिवृत्तात लिहिलं होतं, 'लिपी विभाग: सहमत.'

*

रविवारी ती अमरावतीला आईच्या घराची किल्ली सुमनकडे द्यायला गेली आणि तिथून इस्पितळात. डॉक्टर चिंचमलातपुरे बावन्न वर्षांचे, देखणे, केस रंगवलेले. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला, चेहरा प्रसंगाला शोभेल असा केला.

"मला जे दिसलं ते मी वाचलं, मॅडम. माझ्या जागी कुणीही असता..."

"तुमचा आकडा मी पाहिला," हेमांगी म्हणाली.

"कसला आकडा?"

"डोळ्यांचा. तुम्हाला जवळचं दिसत नाही. चाळिशी लागलेली आहे, दहा वर्षं तरी झाली असतील."

डॉक्टरांनी दाराकडे पाहिलं. दार बंद होतं. "मला चष्म्याची गरज पडत नाही. ॲप अक्षर मोठं करून देतं ना."

"देतं. मोठं अक्षर, कमी शब्द. तुमच्या मनगटावर आठच मावतात. चष्मा असता तर वीस मावले असते." तिने फोन पुढे केला. तोच मजकूर, चष्मा लावलेल्या डोळ्यासाठी, तिने यंत्रातून पुन्हा काढला होता. 'गुडघा छान. डावी पोटरी दुखते, गोळी चालू. काल पायऱ्या चढताना हवा पुरेना, दोनदा बसले. बाकी ठीक, घाई नाही, बेटा.'

डॉक्टरांनी फोन हातभर लांब धरला. अक्षरं त्यांच्या डोळ्यांकडे पाहून लगेच मोठी झाली आणि पायऱ्या, हवा, बसणं सगळं गळून गेलं. उरले आठ शब्द.

"हेच तर मला दिसलं होतं," ते सुटकेच्या सुरात म्हणाले.

हेमांगीने फोन परत घेतला. या माणसाला लाज वाटावी एवढाही मजकूर त्याच्यापर्यंत पोचणं शक्य नव्हतं. तिनेच तशी सोय केलेली होती. चहा आला तेव्हा ती जिन्यात होती.

*

सोमवारी मोहरील तिच्या खोलीत आला, दार हळू लावलं आणि दुःखात लोक बसतात तसा खुर्चीच्या कडेवर बसला.

"ताई, घाई करायची नाहीये. पण रुग्णवाहिकांचं काम आलंय. फोनवरचं सगळं बोलणं ड्रायव्हरच्या समोरच्या चौकटीत, सहा शब्दांत. पत्ता, त्रास, वय. लिपी विभागाची सही लागते."

"वाचून दाखवणार का?"

"कुणाला?"

"फोन करणाऱ्याला. आम्ही असं असं कळवतो आहोत, बरोबर आहे का, एवढं."

"ताई, रुग्णवाहिका आहे ती. नऊ सेकंद म्हणजे..." त्याने चेहरा आणखी मऊ केला. "सेटिंगमध्ये ठेवू या. ज्याला हवं त्याने चालू करावं."

"छातीत कळ येत असताना?"

मोहरीलने खिशातून शेवटची वस्तू काढल्यासारखं सांगितलं, "आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय. नव्या इंजिनाला आईंचं नाव द्यायचं. 'पुष्पा'."

"तिचं नाव पुष्पलता."

"हो, पण ते बोधचिन्हात मावत नाही."

हेमांगीने त्याच्याकडे पाहिलं. तो थट्टा करत नव्हता. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. मूर्ख माणसं पुष्कळदा मनापासून रडतात, हे तिला या पंधरवड्यात चांगलं कळलं होतं. पण या मूर्खपणाचे अर्धे आराखडे तिच्या हातचे होते. मोहरीलचा तिरस्कार करताना तिला मध्येच थांबून स्वतःसाठी जागा करावी लागे.

"मी सही करणार नाही," ती म्हणाली.

"ठीक आहे," तो उठत म्हणाला. "मग उपप्रमुखाची घेतो. नियमात बसतं ते. तुम्ही विश्रांती घ्या, ताई."

दार लागलं. पाच वाजायच्या आत उपप्रमुखाची सही झाली. पहिल्या तारखेला रुग्णवाहिकांचं काम सुरू होणार होतं.

*

सबा काझी कंपनीचं कायद्याचं काम पाहायची. ती मोजकंच बोलायची आणि म्हणूनच 'सुबक'मध्ये एकटी जेवायची.

"नमुना कायदा वाचलायस का?" तिने डबा बाजूला सारत विचारलं. "ज्याच्या हाताच्या नमुन्यांवर यंत्र शिकलं, तो ते नमुने परत मागू शकतो. तो गेला असेल तर वारस. वारस तू एकटीच ना?"

"एकटीच."

"मग माग. कंपनीला दहा दिवसांत यंत्राकडून विसरवून घ्यावं लागतं. कारण सांगायचीही गरज नाही."

"विसरणं म्हणजे नेमकं किती?"

सबाने वरणाच्या वाटीकडे बोट दाखवलं. "यातलं मीठ काढायचं असेल तर काय करशील? वरण ओतून द्यावं लागतं. आईंच्या नमुन्यांनंतर यंत्र जे जे शिकलं, ते सगळं त्यांच्या हातावर रचलेलं आहे. ते जाईल. नवं शिकवायला दीड-दोन वर्षं. तोवर छाटणी बंद. फक्त अक्षरं आकसतील, पूर्वीसारखी."

"आणि नंतर मला पुन्हा द्यावंसं वाटलं तर?"

"एकदा विसरलं की विसरलं. त्या मजकुरांच्या प्रतीही पुसाव्या लागतात." सबा थांबली. "हेमांगी, रोज लाखो माणसं तिचा हात वापरतात. तुला हे कळतंय ना? तेही जाईल."

हेमांगीला तेवढंच तर कळत होतं.

दुपारी तिने विभागाचं दार आतून लावलं. अर्ज पडद्यावर होता, अंगठा टेकवायचीच देर. तिने तो बाजूला सारला आणि यंत्राची कोरी चौकट उघडली. मग लिहीत बसली. दोन पानं झाली. शेवटल्या मंगळवारी आईचा फोन आला तेव्हा ती बैठकीत होती आणि नंतर करू म्हणून तिने तो कापला होता. नंतर एक अहवाल होता, नंतर जेवण, नंतर कंटाळा. तेही तिने लिहिलं. कंटाळा हा शब्द लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. कुठल्याही शोकसभेत वाचता येणार नाही असं सगळं लिहून झाल्यावर तिने चौकट लहानात लहान केली आणि बटण दाबलं.

यंत्राने दोन पानांतून चार शब्द काढले.

'फोन घ्यायला हवा, आई.'

ती बघत राहिली. कारणं गेली होती, गोष्ट गेली होती. काळही चुकला होता. 'हवा होता'मधलं 'होता' चौकटीत बसलं नसावं. पण 'आई' होतं. साहेब ओरडले असते तो जास्तीचा शब्द तिथे होता. पेन्सिलीचा तो हात जगात आता एवढ्या एकाच ठिकाणी शिल्लक होता आणि तो पुढ्यात आला की त्याला धरून बसावंसं वाटत होतं. मोहरीलने रडून मागितलं असतं, कंपनीने पुतळा उभारला असता, तरी तिला फरक पडला नसता. या एका शब्दाने पडला.

बराच वेळ ती तशीच बसली. मग तिच्या लक्षात आलं की हाच हात डॉक्टरांच्या मनगटावर 'बेटा' ठेवून गेला होता आणि हवा गाळून गेला होता. आई असती तर तिने आधी विचारलं असतं. आईचा हात होता, आईचं विचारणं काढून घेतलं होतं. ते काढायला हेमांगीने मान हलवली होती.

तिने अर्ज समोर ओढला आणि अंगठा टेकवला.

*

दहाव्या दिवशी यंत्र विसरलं. रुग्णवाहिकांचं काम पहिल्या तारखेआधीच लांबणीवर पडलं. फोनाफोनांवर मजकूर पुन्हा अखंड येऊ लागले आणि चौकटींत मुंग्यांच्या रांगांसारखी अक्षरं भरली. बातम्यांत याला संकट म्हटलं गेलं. तज्ज्ञ बोलावले गेले. माणसांना एकमेकांचं सगळं म्हणणं वाचावं लागतं आहे, ही केवढी गैरसोय, यावर चर्चा झाल्या. हेमांगीने राजीनामा दिला. त्यात दोनच ओळी होत्या, त्यामुळे तो मोहरीलला पूर्ण वाचता आला.

तिच्या स्वतःच्या फोनवर आता कुठलंही सार येत नव्हतं. रात्रंदिवस कुणाकुणाचं कसलंसं लांबलचक बोलणं येई आणि त्यात आईचा शब्द कुठेही नसे. हे होणार हे ठाऊक असूनही पहिले काही दिवस ती शेवटचा शब्द आधी बघायची.

तिसऱ्या आठवड्यात डॉक्टर चिंचमलातपुरे यांचा फोन आला. सकाळचे साडेदहा वाजले होते.

"मॅडम, हे तुमच्या कंपनीने काय चालवलंय?" ते चिडलेले होते. "अकरा पेशंट वाचायला सव्वा तास गेला माझा! घड्याळावर तर दिसतच नाही. मोठा पडदा मागवला. चष्मा, हो, चष्मा करावा लागला मला. एवढं बारीक कोण वाचत बसणार?"

"तुम्ही," हेमांगी म्हणाली.

"अहो, पण लिहितात काय लोक! ही बघा. नातवाचं लग्न, हॉलचं भाडं, आचारी पळाला..." ते अडखळत, एकेक शब्द चाचपत वाचत होते. शाळेत उभं केलेल्या मुलासारखा त्यांचा आवाज झाला होता. "'...पाहुण्यांच्या गर्दीत गाद्या कमी पडल्या, पण मला काही गादी लागत नाही बापा, मी आठ दिवस झाले भिंतीला तीन उशा लावून बसूनच झोपते, आडवं झालं की धाप...'"

ते थांबले.

पलीकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

"सिस्टर," फोनवरून तोंड न वळवताच डॉक्टर ओरडले, "या बाईंचा नंबर लावा. आत्ता. घरून कुणाला तरी घेऊन यायला सांगा, गाडी पाठवा, काहीही करा." मग त्यांना हेमांगी अजून फोनवर असल्याचं आठवलं असावं. "मॅडम..."

"पुढचं वाचा," ती म्हणाली. "अजून संपलेलं नसेल."